कोड्यातला गेंडा

एखाद्या चित्राचे लहान लहान तुकडे करून ते पुन्हा जुळवावयाचे, या खेळाला जिगसॉ म्हणतात. लाकूड वळणावळणाने कापणाऱ्या बारीक पात्याच्या करवतीवरून हे नाव पडले. खेळ मात्र नावाहून जुना आहे. लंडनमधील नकाशे कोरणारा जॉन स्पिल्सबरी याने अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात नकाशे पातळ फळीवर चिकटवले, देशांच्या सीमारेषांवरून कापले आणि ते मुलांच्या हाती दिले. खेळता खेळता मुलांनी भूगोल शिकावा, हा त्यामागील हेतू. पुढे नकाशांच्या जोडीला देखावे आले, पशुपक्षी आले. जुन्या प्राणिचित्रांचे जिगसॉ आजही मोठ्या आवडीने जुळवले जातात. अशा चित्रांपैकी एकाचा गोव्याशी प्रत्यक्ष संबंध आहे, आणि त्याचीच हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. ते चित्र म्हणजे जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५१५ साली काढलेला गेंडा.

जुळवणाऱ्याच्या दृष्टीने हे चित्र सोयीचे आहे. प्रथम कडेचे सरळ तुकडे लावून चौकट तयार करावी. वरच्या बाजूस जर्मन मजकुराच्या ओळी आहेत. अक्षरांच्या आधाराने तो भाग लवकर जुळतो. मग नाकावरचे शिंग, खवल्यांचे पाय, चिलखतासारखी जाड कवचे. प्रत्येक कवचावरची नक्षी निराळी, त्यामुळे तुकड्याची जागा सहसा चुकत नाही. शेवटचा तुकडा बसतो, कोठेही फट उरत नाही. आणि तरीही समोर उभा राहिलेला प्राणी खरा नसतो! त्याच्या खांद्यांवर, मानेच्या मुळाशी, पीळ असलेले एक लहानसे दुसरे शिंग आहे. असे शिंग जगातील कोणत्याही गेंड्याला नाही.

हे कसे घडले? गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्क याने दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. सुलतानाने परवानगी दिली नाही. मात्र भेटीदाखल एक जिवंत गेंडा दिला. आल्बुकेर्कने तो राजा मानुएल याजकडे धाडण्याचे ठरवले. जानेवारी १५१५ मध्ये तो गेंडा गोव्याहून जहाजाने निघाला व २० मे रोजी लिस्बनला पोहोचला. रोमन काळानंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा दिसला तो हाच पहिला, असे मानतात.

ड्यूरर त्या वेळी दूर न्यूरेंबर्ग येथे होता. त्याने हा गेंडा कधीच पाहिला नाही. लिस्बनहून आलेले एक पत्र आणि त्यासोबतचे रेखाटन, एवढ्या आधारावर त्याने चित्र काढले. ते लाकडी ठशावर कोरले गेले आणि त्याच्या प्रती छापल्या गेल्या. एकशिंगी गेंड्याच्या कातडीला खरोखरच जाड घड्या असतात. खांद्यांवर व मागील अंगावर गाठी असतात. घड्यांची त्याने कवचे केली, आणि त्यांवर रिबिटांसारखे ठिपके उमटवले. चित्रावरील मजकुरात गेंडा आल्याचे सालही १५१३ असे चुकीचे पडले आहे. ज्या गोष्टी कळल्या नव्हत्या, त्या जागी कल्पनेचे तुकडे बसले. आणि कलावंत थोर असल्यामुळे ते इतके बेमालूम बसले की सांधा कोणाला दिसलाच नाही.

त्याच वर्षी हान्स बुर्कमायर या दुसऱ्या चित्रकारानेही गेंड्याचा ठसा केला होता. त्यात हे खांद्यावरचे शिंग नाही. गेंडा अधिक खरा आहे, आणि त्याच्या पुढच्या पायांत साखळदंडही आहे. परंतु त्या चित्राची आज एकच प्रत उपलब्ध आहे. ड्यूररचा गेंडा मात्र कोनराड गेस्नर याच्या १५५१ सालच्या प्राणिशास्त्रीय ग्रंथात शिरला आणि पुढे दोन शतके एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत राहिला. बंगालमधून आणलेली क्लारा नावाची गेंड्याची मादी १७४१ साली हॉलंडमध्ये पोहोचली, गावोगाव लोकांनी ती डोळ्यांनी पाहिली, आणि १७४९ साली पॅरिस येथे ऊद्री या चित्रकाराने तिला समोर पाहून रंगवले. तेव्हा कोठे त्या जुन्या चित्राची सत्ता ओसरू लागली.

आणि तो गोव्याहून गेलेला गेंडा? राजा मानुएलने तो पोप दहावा लिओ याजकडे भेट म्हणून पाठवला. १५१६ च्या प्रारंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात बुडाले. गेंडा उत्तम पोहणारा प्राणी. पण तो साखळदंडाने जखडलेला होता. जिवंत गेंडा असा पाण्यात गेला, आणि ऐकीव गेंडा मात्र कागदावर अमर झाला.

जिगसॉचे तुकडे बरोबर जुळले, एवढ्याने चित्र पूर्ण झाले असे म्हणता येते. ते सत्य आहे असे नव्हे. कोड्याच्या खोक्यावर नमुन्याचे चित्र असते, त्याच्याशी ताडून पाहता येते. निसर्गाने असे खोके दिलेले नाही. तेथे ताळा पाहावयाचा तो प्रत्यक्ष वस्तूशीच.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. ड्यूररच्या चित्राची प्रत जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवून, वाळल्यावर तिचे तीस-चाळीस वाकडेतिकडे तुकडे कापावेत व ते जुळवावेत. नंतर काझीरंगाच्या अरण्यातील गेंड्याचे छायाचित्र शेजारी ठेवून कोणता तुकडा कोठे खोटा आहे, याची यादी करावी. जुळवण्यास कदाचित अर्धा तास लागेल. यादी करण्यास युरोपातील पंडितांना सव्वादोनशे वर्षे लागली.