सायकलीची पारख

तेरखेडा हे गाव सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर, बालाघाटाच्या परिसरात वसले आहे. अशा मार्गावर शर्यतीच्या धाटणीच्या सायकली घेऊन निघालेले स्वार विसाव्यास थांबले, की गोष्टी निघतात त्या आपापल्या सायकलींच्या. एक म्हणतो, “माझी सायकल फुलासारखी हलकी!” दुसरा म्हणतो, “माझी चढाला हार जात नाही!” या बढाईत तथ्य किती, हे कसे ओळखावे?

आधी चढाचे पाहू. पुढील दातेरी चक्रास ५० व मागील चक्रास २५ दाते असले, म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोनदा फिरते. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. तेव्हा सायकल ४.२ मीटर पुढे जाते. साखळी ३४ व ३४ दात्यांच्या चक्रांवर आणली, की एका फेऱ्यात २.१ मीटरच अंतर कापले जाते. पण त्याच चढावर जोर निम्माच लागतो. ‘गिअर’ बदलणे ते हेच.

हलकेपणाही चढावरच विशेष उपयोगी. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे शर्यतीची सायकल ६.८ किलोग्रॅमहून हलकी चालत नाही. सपाटीवर मात्र वेगात जाणाऱ्या स्वाराची खरी झुंज असते ती वाऱ्याशी.

आणि उतारावर? तेथे ब्रेकचे रबर झिजलेले असेल, तर उंची सायकलही घात करते. म्हणून निघण्यापूर्वी जो ब्रेक, हवा व साखळी तपासून पाहतो, त्यालाच आपल्या सायकलीचा अभिमान शोभतो.