खुला व्यापार, पण कोणासाठी?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटन जगाला खुल्या व्यापाराचे धडे देत होता. जर्मनीने १८७९ मध्ये, तर अमेरिकेने १८९० मध्ये आयातकर वाढवून आपल्या कारखान्यांना संरक्षण दिले. हिंदुस्थानला मात्र यातले काहीच निवडण्याची मुभा नव्हती.

कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढे मुंबईत गिरण्यांची रांगच लागली. लँकेशायरच्या गिरणीमालकांना हे खुपू लागले. त्यांच्या दबावामुळे १८८२ मध्ये विलायती कापडावरची जकात रद्द झाली. सरकारी तिजोरीत चणचण भासल्यावर १८९४ मध्ये ती परत आली खरी, पण १८९६ मध्ये कहर झाला: विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर! मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडेभरडे कापड विणत, लँकेशायरचा भर तलम कापडावर. म्हणजे ज्या मालाशी फारशी स्पर्धाच नव्हती, त्या गरिबाच्या अंगावरच्या कापडावरही कर बसला. हा उघड अन्याय होता.

इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सरसकट लागू पडत नाहीत, हे न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्येच पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात ठामपणे मांडले होते. जर्मन विचारवंत फ्रीडरिश लिस्ट यांच्या संरक्षणवादाचा त्यांनी आधार घेतला होता.

अबकारी कराची वसुली थांबायला डिसेंबर १९२५ उजाडला. पुढच्या वर्षी तो कायमचा रद्द झाला.