अवकाशातून मिथेनचे मापन

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या एक अब्ज रेणूंमागे मिथेनचे सुमारे ७०० रेणू असत. आज ही संख्या १,९००च्या वर गेली आहे. १९९९ ते २००६ ह्या काळात ही वाढ जवळजवळ थांबली होती; २००७पासून ती पुन्हा सुरू झाली. तिचे मूळ पाणथळ भूमीत, गुराढोरांत व भातशेतीत, की खाणींत व तेलविहिरींत, ह्याविषयी अभ्यासकांत अद्याप पूर्ण एकमत नाही. वाद मिटावयाचा तर मापनातील दोष दोन प्रदेशांवरील हवेतल्या भेदाहून लहान असला पाहिजे. आणि हा भेद पुष्कळदा अब्जात थोड्या भागांचाच असतो.

२०१७ साली अवकाशात गेलेल्या सेंटिनेल-५पी ह्या युरोपीय उपग्रहावरील ट्रोपोमी हे उपकरण सुमारे २,६०० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहते. परंतु त्याचा प्रकाश उसना आहे. भूमीवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशात मिथेनच्या शोषणाच्या खुणा ते शोधते. साहजिकच उत्तर ध्रुवाकडील दीर्घ रात्री, जेथील गोठलेल्या भूमीत प्रचंड कर्बसाठा आहे, ते आंधळे ठरते. शिवाय विरळ मेघांमुळे व धूलिकणांमुळे किरणांचा मार्ग लांबतो किंवा आखुडतो, आणि मार्गाचा दोष मिथेनच्या खाती जमा होतो.

लायडर स्वतःचा प्रकाश घेऊन जाते. (हा शब्द ‘रडार’वरून बेतलेला आहे, रेडिओलहरींच्या जागी प्रकाश आला, एवढाच भेद. ‘रडार’ मराठीने पचविला, तसा हाही पचेल.) फ्रान्स व जर्मनी ह्यांच्या ‘मर्लिन’ ह्या उपक्रमात अवरक्त लेसरचे दोन स्पंद एका मिलिसेकंदाहूनही कमी अंतराने भूमीकडे सोडावयाचे आहेत. एकाची तरंगलांबी मिथेन शोषून घेतो अशी, दुसऱ्याची जवळपास तीच, पण मिथेन जिला फारसा स्पर्श करीत नाही अशी. तेवढ्या वेळात उपग्रह काही मीटरच सरकतो. म्हणून भूमी, धूळ व विरळ मेघ हे दोन्ही स्पंदांना जवळजवळ सारखेच भेटतात आणि परतलेल्या तीव्रतांचे गुणोत्तर घेताच त्यांचा परिणाम बव्हंशी लोपतो. उरतो तो मिथेनचा. स्पंदाच्या जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून मार्गाची लांबीही कळते.

शोषणाची तरंगलांबी निवडण्यातली खुबी विशेष लक्षणीय आहे. १.६४५ मायक्रॉनजवळ मिथेनच्या शोषणरेषांचा एक पुंजका आहे. ह्या रेषांच्या नेमक्या शिखरावर स्पंद बेतला, तर तो वाटेतच इतका क्षीण होईल की परतलेले फारसे काही हाती लागणार नाही. म्हणून तो दोन शिखरांमधील खळग्यात ठेवावयाचा. खळग्याचा तळ सपाट असतो; लेसरची तरंगलांबी किंचित ढळली तरी शोषण फारसे बदलत नाही. तसेच दाब वाढला की रेषा रुंदावतात, खळगा भरतो. त्यामुळे मापनात भूमीलगतच्या हवेला अधिक वजन मिळते, आणि उगमांचा ठसा उमटतो तोही तेथेच.

मर्यादाही स्पष्ट आहेत. एकट्या स्पंदजोडीत गोंगाट फार. सुमारे ५० किलोमीटरांची सरासरी घेतल्यावाचून उपयुक्त अंक मिळत नाही. शुष्क हवेचे प्रमाण काढण्यास भूपृष्ठावरील दाब लागतो आणि तो हवामानशास्त्राकडून घ्यावा लागतो. शिवाय हे यंत्र पट्टा पाहत नाही, एक बारीक रेघ ओढीत जाते; एखादी गळती विहीर शोधणे हे ट्रोपोमीसारख्यांचेच काम राहील. मर्लिनची घोषणा २०१०मध्ये झाली. उपग्रह मात्र अद्याप प्रक्षेपित व्हावयाचा आहे. तत्त्वाची परीक्षा तेवढी झाली आहे : ‘चार्म-एफ’ हे त्याच जातीचे उपकरण जर्मनीच्या ‘हालो’ ह्या संशोधन-विमानातून २०१५ साली उडविण्यात आले.