उथळ पाण्यासाठी क्रँकबेट: रंग नाही, पट्टी बघा

भुसावळजवळ हतनूर धरणाच्या उथळ काठाला मरळीसाठी गेलो आणि ऑनलाइन घेतलेला पहिलाच क्रँकबेट तळाच्या झुडपात गमावला. चूक माझीच. फोटोत रंग बघितला, पट्टी नाही.

क्रँकबेट म्हणजे माशासारखं दिसणारं, बहुतेकदा तरंगणारं खोटं आमिष. दोरी गुंडाळली की तोंडाजवळची पट्टी त्याला खाली नेते. पट्टी लांब, आडवी असेल तर खोल. आखूड, उभी असेल तर उथळ. दोन-तीन फूट पाण्याला आखूडच घ्या.

रॉड सात फुटी, मध्यम, वाकणारा हवा. फार ताठ असला तर गळ माशाच्या तोंडातून निसटतो. रील 5:1 च्या आसपास, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोरीचे पाच वेढे.

आमिष कशाला थटलं, तर ओढू नका. दोरी सैल सोडा, बऱ्याचदा ते आपोआप वर येतं. मी ओढलं होतं!

आणि हो, धरणात मासेमारीचा ठेका असतो. आधी परवानगी विचारा.