गावाचे सांडपाणी : तळ्यालाही कोर्स पूर्ण लागतो

पावसाळा सुरू झाला होता. सात महिन्यांच्या गरोदर सुनेला घेऊन एक आजी माझ्या दवाखान्यात आल्या. आठ दिवसांपासून सुनेला अन्न नकोसे झाले होते, उलट्या होत होत्या. डोळे पाहिले तर हळदीसारखे पिवळे. "कावीळ आहे. आजच संभाजीनगरला न्या," मी म्हणालो. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, माळ घातली आहे, उतरेल ना?" बरीच समजूत घातल्यावर त्या निघाल्या. सून आणि बाळ दोघेही सुखरूप परतले. पण दर वेळी असे होतेच असे नाही.

दूषित पाण्यातून पसरणारी 'ई' प्रकारची कावीळ बहुतेकांना विश्रांतीने बरी होते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र ती घातक ठरते. तेव्हा दगावण्याचे प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जाऊ शकते. माळेने ती उतरत नाही.

ही कावीळ येते कोठून? रुग्णाच्या विष्ठेतून सांडपाण्यात आणि सांडपाण्यातून पिण्याच्या पाण्यात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत नाल्याचे पाणी यमुनेवरील पाणीपुरवठ्याच्या ठिकाणी शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. क्लोरिनचे प्रमाण वाढवूनही साथ टळली नाही. आपल्या राज्यात इचलकरंजीने २०१२ मध्ये असाच अनुभव घेतला.

नळ आला, सांडपाणीही आले

आमच्या देवगाव रंगारीसारख्या गावांत पूर्वी पाणी हंड्याने यायचे, त्यामुळे सांडपाणीही हंडाभरच असायचे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी मोरीतून बाहेर जाते, म्हणजे माणशी ४४ लिटर. ते नालीतून ओढ्याला, ओढ्यातून शिवना नदीला आणि पुढे गोदावरीला जाते. वाटेत ओढ्याकाठच्या विहिरी असतात. कित्येक ठिकाणी नळाचा पाइपच नालीतून गेलेला असतो. नळ बंद झाला की फुटक्या सांध्यातून नालीचे पाणी आत ओढले जाते.

यावर खेडेगावाला परवडणारा उपाय म्हणजे स्थिरीकरण तळी. नागपूरची 'नीरी' संस्था १९५८ मध्ये वेगळ्या नावाने स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात आपल्या हवामानात अशा तळ्यांचा बारकाईने अभ्यास केला होता.

तळे काम कसे करते?

सहसा एकापुढे एक अशी तीन तळी असतात. पहिल्या खोल तळ्यात जड घाण तळाशी बसते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू ती कुजवतात. दुसरे तळे एक-दीड मीटर खोल असते. त्यात उन्हामुळे हिरवे शेवाळ वाढते, ते पाण्यात प्राणवायू सोडते आणि त्यावर जगणारे जिवाणू उरलेली घाण खातात. तिसऱ्या उथळ तळ्यात ऊन रोगजंतूंना मारते. जंतांची अंडी मुक्कामात खाली बसतात. विजेची गरज नाही, पण दिवस मात्र लागतात.

येथे मला औषधाचा कोर्स आठवतो. गोळ्या मध्येच बंद केल्या तर टायफॉइड उलटू शकतो. तळ्याचेही तसेच आहे.

हिशेब करून पाहा. ५ हजार वस्तीचे सांडपाणी रोज २ लाख २० हजार लिटर. ते २० दिवस ठेवायचे तर ४४ लाख लिटरची जागा हवी. सरासरी दीड मीटर खोली धरली तर सुमारे २९ गुंठे. पुढे प्लॉट पडले, वस्ती ८ हजार झाली आणि पाण्याचा वापर माणशी ८० लिटर झाला, की त्याच तळ्यातला मुक्काम साडेआठ दिवसांवर येतो. गाळ साचला तर त्याहून कमी. तळे भरलेले दिसते, गावाला वाटते सोय आहे. प्रत्यक्षात अर्धवट शुद्ध झालेले पाणी ओढ्याला जात असते.

तळ्याची नाडी कोणालाही पाहता येते. दुसऱ्या तळ्याचे पाणी हिरवे असेल तर तब्येत ठीक. काळे पडून कुजका वास येऊ लागला तर भार झेपत नाही असे समजावे.

वाढत्या गावाने काय करावे?

पहिले काम, साचलेला गाळ काढणे. दुसरे, तळ्यात आडव्या भिंती घालणे, म्हणजे पाणी एका तोंडातून शिरून सरळ दुसऱ्या तोंडातून निघून जात नाही. तिसरे, शेजारी आणखी एक तळे खोदणे. जागाच नसेल तर पाण्यात हवा घालणारी यंत्रे बसवता येतात, पण वीजबिल व देखभाल गावाला झेपेल का ते आधी पाहावे. ज्यांना नवे तळे करायचे आहे त्यांनी आजची नव्हे, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची वस्ती धरावी आणि जागा आताच राखून ठेवावी.

घरोघरी मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा केल्यास तळ्यावरचा भार हलका होतो. मात्र चिकण काळ्या मातीत पाणी नीट मुरत नाही. तेथे जाणकाराला विचारूनच खड्डा घ्यावा. तो विहिरीपासून निदान ५० फूट दूर असावा. संडासाचे पाणी त्यात सोडू नये. नालीच्या पाण्यावर मेथी, कोथिंबीर, गाजर पिकवू नये. साथीच्या दिवसांत पाणी उकळून प्यावे आणि गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर एक दिवसही थांबू नये.

येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न अवश्य विचारा : आपले सांडपाणी शेवटी जाते कोठे, आणि तेथे ते किती दिवस थांबते? उत्तर गावाच्या इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या वर्षी नवे प्लॉट मंजूर होताना तेच कागद उपयोगी पडतील.