घडीच्या चाकूची पारख : पोलाद, रचना आणि फेरफार

पदार्थविज्ञानाच्या अभ्यासात लोह-कार्बन आलेख येतो, कठीणतेची चाचणी येते, उष्णता-प्रक्रियेचे तक्ते येतात. परीक्षेपुरते ते पाठही होतात. या पाठात आपण हे सगळे एकाच लहान वस्तूत एकत्र पाहणार आहोत : खिशात मावणारा घडीचा चाकू. उदाहरण म्हणून फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातला ओपिनेल हा चाकू घेऊ. त्याची रचना इतकी साधी आहे की काहीच लपून राहत नाही : एक पाते, एक लाकडी मूठ, एक रिव्हेट आणि दोन धातूची कडी.

जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू आपल्या भागातल्या शेतकऱ्यांसाठी घडवला. १८९७ पासून तो १ ते १२ अशा क्रमांकांत मिळू लागला. त्यातला क्रमांक ८ सर्वांत परिचित. पाते साडेआठ सेंटिमीटरचे, मूठ बीच लाकडाची, आणि एकूण वजन ५० ग्रॅमच्याही आत.

चाकू विकत घेताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "पोलाद कोणते?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याला पहिला क्रमांक देणे चुकीचे आहे. पात्याला पाणी कसे दिले आहे आणि पात्याचा आकार कसा आहे, या दोन गोष्टींनी कापण्यात जेवढा फरक पडतो, तेवढा पोलादाच्या नावाने बहुधा पडत नाही. तरीही सुरुवात पोलादापासूनच करू, कारण पुढचे समजायला ते लागेल.

पोलाद आणि पाणी

क्रमांक ८ दोन प्रकारच्या पोलादांत मिळतो. एक साधे कार्बन पोलाद, त्यात सुमारे ०.९ टक्के कार्बन. दुसरे स्टेनलेस, स्वीडनच्या सँडविक कंपनीने विकसित केलेल्या १२सी२७ या पोलादाचा एक सुधारित प्रकार. मूळ १२सी२७ मध्ये कार्बन सुमारे ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेरा टक्क्यांच्या आसपास असते.

आता ०.९ हा आकडा लोह-कार्बन आलेखावर शोधा. युटेक्टॉइड बिंदू ०.७७ टक्क्यांजवळ आहे, म्हणजे हे पोलाद त्याच्या किंचित उजवीकडे येते. साधारण ८०० अंश सेल्सिअसला तापवून ते झटकन थंड केले की ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट होते आणि थोडे कार्बाइड कण शिल्लक राहतात. आपल्याकडचा लोहार यालाच 'पात्याला पाणी देणे' म्हणतो, मग प्रत्यक्षात पाणी वापरलेले असो की तेल. नुसते पाणी दिलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवून थोडी कठीणता सोडून द्यायची आणि चिवटपणा मिळवायचा. या दुसऱ्या पायरीला टेंपरिंग म्हणतात. शेवटी ओपिनेलच्या पात्याची कठीणता रॉकवेल सी मापावर ५७ ते ५९ च्या आसपास येते.

स्टेनलेसचीही वाट हीच, पण तापमान बरेच वरचे, हजार अंशांच्या पलीकडचे. कारण क्रोमियमची कार्बाइडे सहज विरघळत नाहीत. येथे एक मुद्दा नीट समजून घ्या. गंज रोखते ते पोलादात विरघळलेले क्रोमियम. कार्बाइडात अडकलेले क्रोमियम त्या कामाचे नाही. म्हणूनच एकाच नावाच्या पोलादाची दोन पाती, एक नीट प्रक्रिया केलेले आणि एक घाईत उरकलेले, गंजण्याच्या बाबतीतही वेगळी वागतात. पात्यावर कोरलेले नाव दोन्हीकडे तेच असते!

मग निवडायचे कोणते? कार्बन पोलादाचे वागणे तुम्ही कदाचित घरातल्या विळीवर पाहिले असेल. कैरी, आवळा किंवा केळफूल चिरले की पाते काळे पडते. फळातले आम्ल आणि टॅनिन लोहाशी संयोग पावतात आणि पृष्ठभागावर करडा-निळसर थर धरतो. हा थर म्हणजे तांबडा गंज नव्हे. उलट तो गंजाचा वेग थोडा कमी करतो, पूर्ण थांबवत मात्र नाही. पाते पुसून कोरडे ठेवायची सवय असेल तर कार्बन पोलाद उत्तम, कारण साध्या दगडावर त्याला पटकन धार येते. कोकण, केरळ, बंगालचा किनारा अशा दमट हवेत, किंवा वसतिगृहाच्या कपाटात चाकू आठवडाभर विसरून राहणार असेल, तर स्टेनलेस घ्या. याहून महागड्या पोलादांत व्हॅनेडियमसारख्या धातूंची अतिकठीण कार्बाइडे असतात. त्यांची धार जास्त काळ टिकते, पण घरच्या दगडावर ती परत आणताना हात दुखून येतात. ज्याला धार लावता येत नाही त्याच्या हाती असे पोलाद म्हणजे काही महिन्यांनी एक बोथट महागडा चाकू.

पात्याचा आकार

आता खऱ्या कळीच्या भागाकडे येऊ. पाते म्हणजे एक पाचर. पाठीकडे जाडी t आणि पाठीपासून धारेपर्यंत रुंदी w असेल, आणि दोन्ही बाजू पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरत असतील, तर पाचरीचा अर्धा कोन असा मिळतो : स्पर्शिका = (t/2) ÷ w.

क्रमांक ८ साठी ढोबळमानाने t = १.६ मिमी आणि w = १८ मिमी धरा. ०.८ ÷ १८ = ०.०४४, म्हणजे अर्धा कोन सुमारे २.५ अंश आणि पूर्ण पाचर ५ अंशांची. प्रत्यक्षात ओपिनेलच्या बाजू किंचित फुगीर असतात, पण हिशेबाला एवढे पुरे. आता एखादा दणकट दिसणारा चाकू घ्या : जाडी ४ मिमी, रुंदी २५ मिमी. २ ÷ २५ = ०.०८, पाचर सुमारे ९ अंशांची. पण अशा चाकूंत उतार बहुधा पाठीपासून नव्हे, पात्याच्या मध्यापासून सुरू होतो. मग w ऐवजी १२.५ मिमी घ्यावे लागते आणि पाचर होते १८ अंशांची. ओपिनेलच्या साडेतीनपट!

यावर धारेचा स्वतःचा कोन वेगळा असतो, तो बहुतेक चाकूंत प्रत्येक बाजूला १५ ते २० अंश. दोन्ही चाकूंना सारख्याच कोनाची, सारखीच तीक्ष्ण धार लावा. दोन्ही कागद सारखेच कापतील. मग दोन्हींनी सफरचंद किंवा कच्चा बटाटा कापून पाहा. धार आत शिरते, पण मागची जाड पाचर फळाला कापण्याऐवजी दोन बाजूंना रेटते आणि फळ कट्कन फुटते. म्हणून चाकू नुसता कागदावर तपासणे पुरेसे नाही. कागद फक्त धार तपासतो, बटाटा संपूर्ण पाते तपासतो.

जाड पात्याला काही अर्थच नाही असे मात्र नाही. बाजूने वाकवताना पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १.६ ऐवजी ४ मिमी, म्हणजे जाडी अडीचपट, म्हणजे ताठपणा सुमारे साडेपंधरापट. डब्याचे झाकण उचकटायचे असेल तर हे उपयोगी. पण त्या कामासाठी स्क्रू-ड्रायव्हर मिळतो आणि तो स्वस्त असतो.

सांधा आणि कडे

घडीच्या चाकूचा सर्वांत धोकादायक भाग धार नव्हे, सांधा. टोकाने भोक पाडताना जोर उलट्या दिशेने लागला तर पाते मिटते, आणि मिटण्याच्या वाटेत तुमची बोटे असतात. स्विस बनावटीच्या लहान चाकूंत पाते फक्त मागच्या स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते. पुरेसा जोर आला की मिटते. ओपिनेलमध्ये १९५५ साली मार्सेल ओपिनेल यांनी 'व्हायरोब्लॉक' नावाचे फिरते कडे आणले. पाते उघडून कडे फिरवले की मुठीतली फट बंद होते आणि पाते मिटायला जागाच उरत नाही. लहान क्रमांकांना, म्हणजे ५ पर्यंत, हे कडे नसते.

या कड्यावर किती भार येतो, याचा अंदाज तरफेच्या नियमाने काढा. समजा, टोकाजवळ सांध्यापासून ८ सेंटिमीटरवर ५ किलोचा जोर लागला आणि कडे पात्याला सांध्यापासून १ सेंटिमीटरवर अडवते. म्हणजे कड्यावर ४० किलोचा भार. कडे सैल असेल तर हा भार पेलताना ते सरकू शकते. तपासताना मूठ अशी धरा की बोटे पात्याच्या वाटेत येणार नाहीत, आणि पात्याची पाठ टेबलावर हलकेच दाबा. पाते बाजूंना डुलत असेल, तर रिव्हेटही पाहा.

लाकडी मुठीचा एक स्वभावही सांगायला हवा. पाणी लागले की बीच फुगते, फट आवळते आणि पाते जाम होते. साव्हॉयमधले लोक कडे मोकळे करून मुठीचे मागचे टोक कठीण जागी आपटतात, की पाते थोडे बाहेर डोकावते. ही युक्ती आहे, उपाय नव्हे. उपाय म्हणजे मूठ भिजू न देणे.

आपल्याकडे घडीचा चाकू म्हटले की उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटक्याचा चाकू आठवतो. हा विषय कायद्याकडे नेतो आणि तो टाळून चालणार नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली राज्ये आपापल्या अधिसूचना काढतात. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेत स्प्रिंगचे, गरारीचे, बटणाचे आणि इतर यांत्रिक सोयीने उघडणारे वा मिटणारे चाकू येतात, जर पाते ७.६२ सेंमी किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंमी किंवा त्याहून रुंद असेल. ओपिनेल हाताने उघडतो, पण त्याचे पाते या लांबीपेक्षा मोठे आहे हे ध्यानात असू द्या. तुमच्या राज्यातला नियम पाहिल्याशिवाय चाकू खिशात घालून फिरू नका. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही.

फेरफार : काय करावे, काय टाळावे

ओपिनेल हौशी लोकांचा आवडता आहे, कारण त्याची मूठ सँडपेपरने घासून आपल्या हाताच्या मापाची करता येते. मूठ बारीक करा, तिच्यावर नक्षी कोरा, दोरीसाठी मागच्या टोकाला भोक पाडा. पोलादाला यातले काही कळतही नाही. फक्त रिव्हेट आणि कड्याजवळचे लाकूड जपा, तेथे ते आधीच पातळ आहे. कार्बन पोलादाचे पाते स्वच्छ धुऊन काही मिनिटे व्हिनेगरमध्ये बुडवले तर तो करडा थर मुद्दाम आणता येतो. स्टेनलेसवर हा प्रयोग करून हाती काही लागणार नाही.

खटका किंवा स्प्रिंग बसवण्याचा मोह मात्र टाळा. कारण वर सांगितलेच आहे.

सर्वाधिक पाती बिघडतात ती विजेच्या ग्राइंडरवर. पाते पातळ करायचे म्हणून ते फिरत्या चाकावर धरले की धार सर्वांत आधी तापते, कारण तेथे धातू सर्वांत कमी असतो. कार्बन पोलादावर फिकट पिवळा रंग सुमारे २२० अंशांना दिसतो, निळा ३०० अंशांच्या आसपास. टेंपरिंग २०० ला झाले होते हे आठवा. निळी पडलेली धार मऊ झालेली असते. ती लगेच पाण्यात बुडवल्याने कठीणता परत येत नाही; त्यासाठी पुन्हा ८०० अंशांपासून सगळे करावे लागेल. स्टेनलेसमध्ये आणखी एक फसवणूक आहे : तेथे हे रंग जास्त तापमानाला उमटतात, म्हणून रंग दिसला नाही याचा अर्थ पाते तापले नाही असा होत नाही. नियम सोपा आहे. पाते उघड्या बोटांनी धरा, प्रत्येक स्पर्शानंतर पाण्यात बुडवा, आणि बोटाला चटका बसण्याआधी थांबा. दगडावर हाताने घासले तर हा प्रश्नच येत नाही, वेळ मात्र लागतो. पाते न काढता मूठ ब्लोलँपने काळी करणाऱ्यांनाही हाच इशारा लागू आहे.

मुठीला शेवटी जवसाचे तेल लावतात. पातळ हात द्या, पुसा, दिवसभराने पुन्हा द्या. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकते आणि त्या क्रियेत उष्णता निघते. तेलाने माखलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले तर ती उष्णता आतच साठते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. वापरलेले फडके पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर सपाट पसरून वाळवा, मगच टाका.