पूर्ण तिकीट एकच

घरात पैसा आटला की पहिली कुऱ्हाड कशावर पडते, हे बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारावं. दूध कमी होत नाही. शाळेची फी भरावीच लागते. विम्याचा हप्ता कुरकुरत का होईना जातो. रविवारचं वर्तमानपत्रही बंद होत नाही (झालं तर हा लेख कोण वाचणार?). कुऱ्हाड पडते ती सुट्टीतल्या प्रवासावर. ‘यंदा कुठं नको’ एवढ्या तीन शब्दांत त्याचा निकाल लागतो. आमच्या घरात हे तीन शब्द २०२३ च्या एप्रिलमध्ये उच्चारले गेले.

मुलगा पुण्यात संगणकाच्या व्यवसायातल्या एका कंपनीत होता. त्या वर्षी अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी हजारोंनी माणसं कमी केली आणि त्याची झळ पुण्यापर्यंत आली. दोन महिन्यांचा पगार हातात ठेवून त्याला घरी पाठवण्यात आलं. मे महिन्यातली हिमाचलची सहल आधीच ठरवून ठेवलेली होती. ती रद्द केली तेव्हा भरलेल्यातले निम्मेच पैसे परत आले. सून म्हणाली, “बाबा, यंदा कुठं नको. पुढच्या वर्षी बघू.” नऊ वर्षांच्या नातवानं काहीच विचारलं नाही. त्यानं हट्ट केला असता तर बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, “पंढरपूरला जाऊ. चार दिवस.”

मुलगा हसला. “बाबा, सुट्टीत पंढरपूर?”

त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. हे वळण मीच लावलेलं. नोकरीत असताना एल.एफ.सी. पदरात पडली की आम्ही निघायचो ते काश्मीर नाहीतर कन्याकुमारी, एकदा तर थेट अंदमान. बँकेच्या खर्चानं जायचं तर लांबच जायचं, हा आम्हा बँकवाल्यांचा अलिखित नियम. मूळचा बार्शीचा माणूस मी, पंढरपूर आमच्या अंगणात; पण मुलाला घेऊन तिथं मुक्काम म्हणून कधी केला नव्हता.

माझा स्वतःचा मुक्काम मात्र झाला होता आणि तोही भलत्या साली. वडील बार्शीला अडत दुकानात दिवाणजी होते. १९७२ चा पाऊस गेला. ज्वारी-तुरीची आवकच नाही तर अडत कशाची मिळणार? शेठजींनी वडिलांचा पगार निम्म्यावर आणला. काढून टाकलं नाही, हे त्या काळी उपकारच. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळायची. आई तिच्या भाकरी थापायची आणि आम्ही त्या न बोलता खायचो. आमच्या ओळखीतली चांगली बागायतदार माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती. अशात १९७३ च्या मे महिन्यात वडिलांनी जाहीर केलं, “सगळ्यांनी पंढरपूरला जायचंय.”

“कशानं?” आईनं विचारलं.

वडिलांनी तिला जमाखर्च समजावून सांगितला. खाणं इथंही आहे आणि तिथंही आहे. मिलोचं पीठ इथं संपायचं ते तिथं संपेल. रॉकेल जेवढं इथं जळायचं तेवढंच तिथं. वर लागणार तो फक्त गाडीचा पैसा.

पुढं मी बँकेत ढीगभर ताळेबंद तपासले, पण सहलीच्या खर्चाचा इतका स्वच्छ हिशेब मला कुणी दाखवला नाही. आपण प्रवासाचा खर्च म्हणून जो आकडा धरतो, त्यातून घरी बसून झालाच असता तो खर्च वजा करायला विसरतो. मग आकडा मोठा दिसतो आणि माणूस घरात बसतो.

तर आम्ही निघालो. पीठ, तिखट-मीठ, स्टोव्ह, वळकटी. बार्शी लाइट रेल्वेची ती अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, इथवर सुरू झाली आणि पुढं पंढरपूरला पोचली. तिचा वेग हा आमच्याकडे विनोदाचा विषय होता. मुक्काम आमच्या क्षेत्रोपाध्यांच्या वाड्यात, सोप्यावर. भाडं असं नाही. निघताना यथाशक्ति दक्षिणा द्यायची. त्यांच्या वहीत माझ्या आजोबांची मोडी सही होती. वडिलांनी ती आम्हाला दाखवली आणि खाली आपली केली. (या व्यवस्थेतल्या लुबाडणुकीच्याही कथा पुष्कळ आहेत, त्या खोट्या नाहीत. पुढं मंदिर सरकारी समितीकडे गेलं आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले. पण आम्हाला त्या सोप्यावर गार झोप लागली, तेही खरं.)

उजनीचं धरण पुरं झालं १९८० साली. त्याआधीच्या त्या दुष्काळी उन्हाळ्यात चंद्रभागा म्हणजे नुसती वाळू होती. बायका त्या वाळूत झिरे खणून वाटी-वाटीनं घागर भरत. आम्ही भावंडांनी एक झिरा खणला. तळाशी पाणी पाझरलं तेव्हा आई लहान मुलीसारखी ओरडली. त्या साली तिला मोठ्यानं हसताना मी पाहिलं ते तेवढंच. बार्शीला परतलो तेव्हा पगार निम्माच होता आणि मिलो तांबडीच होती.

हे सगळं पाहिलेला मी, अधिकारी झाल्यावर काय केलं ते सांगतो. २००३ साली नगर जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. सलग दुसरं अवर्षण. विहिरीसाठी कर्ज घेतलेला एक शेतकरी जूनमध्ये हप्त्याची मुदत मागायला आला आणि बोलता बोलता म्हणाला की आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघायचंय. मी चष्मा काढला. “हप्त्याला पैसे नाहीत आणि वारीला आहेत?”

तो रागावला नाही. म्हणाला, “साहेब, घरी बसलो तर खायला लागतंच की. दिंडीत भिशी एकदा भरली की दोन्ही टायमाचं जेवण. गावोगावची पंगत असती ती वेगळी. पेरणीला ओल नाही. अठरा-वीस दिवस माणूस घरात बसून बायकापोरांवर खेकसणार, त्यापेक्षा चालत गेलेला बरा.”

म्हणजे माझ्या वडिलांचाच जमाखर्च, आणि वर खेकसण्याची बाब जास्तीची, जी वडिलांनी मांडली नव्हती. मुदतवाढीचा अर्ज मी वर पाठवला. त्याला उत्तर मात्र काही दिलं नाही. आज वीस वर्षांनी देतो: तुमचं बरोबर होतं.

त्याच बाबीसाठी मला मुलाला घराबाहेर काढायचं होतं. तो दिवसभर संगणकापुढं बसून अर्ज करायचा आणि संध्याकाळी नातवावर खेकसायचा.

२००८ च्या मंदीनंतर अमेरिका-इंग्लंडमध्ये लोकांनी लांबचे प्रवास सोडून घराच्या आसपासच सुट्टी घालवायला सुरुवात केली आणि त्याला ‘स्टेकेशन’ असा नवा शब्द चालता झाला. आपल्याकडे याच गोष्टीला ‘जरा पंढरपूरला जाऊन येतो’ म्हणत. शब्द नवा काढावा लागला नाही. मात्र सुट्टी म्हणून जायचं तर आषाढी-कार्तिकीला जाऊ नये. ती वारकऱ्यांची पेठ. तिथं हौशी माणसानं गर्दी वाढवू नये. एरवीच्या एकादश्या आणि शनिवार-रविवारही टाळावेत. आम्ही सोमवारी निघालो.

रेल्वेची ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना चाळीस टक्के आणि बायकांना पन्नास, मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. एस.टी.चं उलट झालं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट आणि मार्च २०२३ पासून सर्व बायकांना अर्धं तिकीट. पासष्ट ते पंचाहत्तरच्या ज्येष्ठांना अर्धं होतंच. कंडक्टर आमच्या बाकापाशी आला आणि मोजू लागला, “तुम्ही अर्धं. दोन्ही ताई अर्धं. पोरगं अर्धं. आणि हे?”

“पूर्ण,” मी म्हणालो.

मुलगा म्हणाला, “बेकाराला काही नाही का हो?”

कंडक्टर हसला, सून हसली, पुढच्या बाकावरचे दोघे वळून हसले. दोन महिन्यांत तो शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता. त्यानंच तो भर गाडीत काढला. पाच माणसं तीन तिकिटांत पंढरपूरला पोचली.

भक्तनिवासात साध्या दोन खोल्या मिळाल्या. नोंदवहीत ‘व्यवसाय’ असा रकाना होता. मुलानं ‘नोकरी’ लिहिलं, खोडलं आणि पेन तसंच धरून उभा राहिला. टेबलामागचा माणूस वर न बघता म्हणाला, “ते राहू द्या. फोन नंबर तेवढा लिहा.”

चार दिवसांत काय पाहिलं? दर्शन पहाटे घेतलं. उन्हाळ्याचे दिवस म्हणून विठ्ठलाला चंदनउटी होती. पाडव्यापासून मृग लागेपर्यंत ती असते. कैकाडी महाराज मठातल्या त्या वळणावळणाच्या वाटांतून, संतांपासून पुढाऱ्यांपर्यंतच्या पुतळ्यांमधून, नातू दोनदा फिरला आणि तिसऱ्यांदा आजीला घेऊन गेला. गोपाळपूरला जनाबाईचं जातं त्यानं ओढून पाहिलं. तनपुरे महाराजांच्या मठात मी मुलाला घेऊन मुद्दाम बसलो. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी याच मठात दहा दिवस उपोषण केलं होतं. मुलाला हे ठाऊक नव्हतं. त्यानं मला बरंच काही विचारलं. आणि कितीतरी दिवसांनी ते प्रश्न नोकरीबद्दलचे नव्हते.

वाळवंट स्वच्छ होतं असं मी म्हणणार नाही. ऊन असं की दुपारी अकरा ते पाच खोलीबाहेर पाऊल टाकवत नव्हतं. त्या वेळात पत्ते, पंढरपुरी डाळं-चुरमुरे आणि झोप. एक दिवस मंदिराच्या अन्नछत्रात जेवलो. बायकोनं जेवणाच्या किमतीहून जास्त पैसे पेटीत टाकले; मी बघितलं नाही असं दाखवलं.

तीच बायको दुसऱ्या दिवशी तुळशीमाळेसाठी घासाघीस करत होती. दुकानदारीण दोन रुपये उतरली आणि सहज म्हणाली, “२०२० ला आषाढीत माउली एस.टी.नं आली, बघा. आम्ही दाराआड. वर्षाची कमाई त्या पंधरवड्यात असती आमची. चुरमुरे घरातच मऊ झाले.” पुढल्या साली, २०२१ लाही पादुका एस.टी.नंच आल्या. म्हणजे आपली मंदी पगार थांबल्यावर सुरू होते आणि या बाईची आपण घरात बसलो की. बायकोनं ते दोन रुपये परत दिले आणि आणखी दोन माळा घेतल्या. त्या हिशेबात मी पडलो नाही.

एकूण खर्च नऊ हजार तीनशे चाळीस रुपये. वडिलांच्या रीतीनं घरखर्चाचे अडीच हजार वजा केले की राहतात सहा हजार आठशे चाळीस. हिमाचलच्या रद्द झालेल्या सहलीत बुडाले ते याहून जास्त होते. मुलाला नोकरी लागली ऑगस्टमध्ये, आधीपेक्षा कमी पगाराची. तिचा पंढरपूरशी काही संबंध नाही आणि मी तो जोडतही नाही.

शेवटच्या संध्याकाळी नातवाला होडीत बसायचं होतं. नदीचं पाणी उतरलेलं. होडीवाल्यानं पुंडलिकापुढच्या साचलेल्या पाण्यात दोन फेऱ्या मारल्या. विष्णुपदापर्यंत नेता येणार नाही म्हणाला, होडी टेकते. विष्णुपद म्हणजे नदीपात्रातला दगडी मंडप; मार्गशीर्षात देव महिनाभर तिथं मुक्कामाला असतो अशी समजूत आहे आणि पंढरपूरचे लोक डबे बांधून तिकडे वनभोजनाला जातात. गावातल्या माणसाची ही स्वतःची स्वस्तातली सहल. हे सगळं होडीवाल्यानं वल्हं मारता मारता सांगितलं. सून ऐकत होती. माझ्याकडे किंवा मुलाकडे न बघता तिनं परस्पर विचारलं, “मार्गशीर्षात कधी यायचं?”

“कधीही या,” तो म्हणाला, “डबा तेवढा आणा.”